शॅमेलिऑनच्या पिल्लाचा आहार आणि सांभाळ: सांगलीच्या हवेत घ्यायची काळजी

शॅमेलिऑनचे पिल्लू पाळण्याचा विचार मनात आला की सर्वांत आधी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे हे पिल्लू आले कुठून. आपल्याकडे शेताच्या बांधावर, बाभळीवर किंवा बोरीच्या झुडपात जो हिरवा, शेपटीची गुंडाळी करणारा, वाऱ्यावर पान हलावे तसा पुढेमागे झुलत चालणारा प्राणी दिसतो, ज्याला कोणी सरडगुहिरा म्हणते तर कोणी घोयरा, तो भारतीय शॅमेलिऑन होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्याला पकडणे, घरात ठेवणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा माण-खटावच्या कोरड्या माळावर असे पिल्लू दिसले तर त्याला तिथेच राहू द्यावे. रस्त्यावर आले असेल तर ज्या दिशेने ते चालले होते, त्याच बाजूच्या झुडपावर काठीने अलगद चढवावे, आणि जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. तो विषारी असल्याच्या समजुतीने अजूनही त्याला दगड मारले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच्या अंगात विष नावालाही नसते.

कायद्याने पाळता येतो तो परदेशी जातीचा, बंदिस्त जागेत जन्मलेला शॅमेलिऑन. यांत नवख्यांच्या हाती बहुधा येतो तो व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे डोक्यावर उंच शिरपेच असलेला, मूळचा येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातला. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यामुळे व २०२४ च्या नियमांमुळे अशा प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करणे मालकावर बंधनकारक आहे. प्राणी दुसऱ्याला देणे, पिल्ले होणे आणि प्राण्याचा मृत्यू, यांचीही माहिती कळवावी लागते. म्हणून विक्रेत्याकडे आधी नोंदणीचे कागद मागावेत, आणि कागद मिळत नसतील तर पिल्लू कितीही देखणे असले तरी परत फिरावे. पुढचे सगळे विवेचन या व्हेल्ड जातीच्या पिल्लाला धरून आहे.

अंड्यातून बाहेर पडताना हे पिल्लू शेपटीसकट जेमतेम सात ते दहा सेंटिमीटर असते. नर पूर्ण वाढला की बऱ्याचदा पस्तीस ते पन्नास सेंटिमीटरपर्यंत जातो, मादी त्यापेक्षा लहान राहते. ही सगळी वाढ पहिल्या आठ-दहा महिन्यांत उरकते, त्यामुळे या काळात हाडांत जी कमतरता राहते ती पुढे भरून निघत नाही. तीन महिन्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्या वयात एक दिवस पाणी चुकले किंवा एक दुपार उष्णता वाढली तरी ते दगावते, आणि नवख्या माणसाला ते का गेले हेसुद्धा कळत नाही.

या प्राण्याविषयीचे बहुतेक लिखाण थंड देशांतल्या माणसांनी केलेले आहे, आणि त्यात पान-पान ऊब कशी द्यावी हेच सांगितलेले असते. सांगलीत प्रश्न उलटा आहे. इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि येमेनच्या डोंगरउतारावरून आलेल्या या प्राण्याला आपल्या उन्हाळ्यापासून वाचवणे हेच मुख्य काम होऊन बसते. साताऱ्यात उन्हाळ्याच्या रात्री थोड्या सुसह्य असतात, पण दुपारचा विचार तिथेही करावाच लागतो.

पिंजरा आणि झाडे

काचेची माशांची टाकी या प्राण्यासाठी वापरू नये. तिच्यात हवा कोंडते, उन्हात ती भट्टीसारखी तापते, आणि काचेत दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब म्हणजे समोर दुसरा शॅमेलिऑन आहे असे समजून पिल्लू दिवसभर अस्वस्थ राहते. चारही बाजूंनी जाळी असलेला उभा पिंजरा हवा. पिल्लासाठी साधारण ४० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि ७५ सेंटिमीटर उंच पिंजरा पुरतो, तर मोठ्या प्राण्याला निदान ६० बाय ६० बाय १२० सेंटिमीटर लागतो. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा कारागीर डासांच्या जाळीचा असा पिंजरा दोन दिवसांत करून देतो. जाळी मऊ असावी, कारण खरखरीत तारेत नखे अडकून मोडतात. एका पिंजऱ्यात एकच पिल्लू ठेवावे. दोन पिल्ले एकमेकांशी भांडताना दिसली नाहीत तरी नुसत्या नजरेच्या धाकाने त्यांतले दुबळे पिल्लू खाणे सोडते.

आत खरी झाडे असावीत, कारण पाणी पिण्यासाठी, लपण्यासाठी आणि हवेतला ओलावा टिकण्यासाठी पानांची गरज असते. जास्वंद सर्वांत चांगली. तिची पाने आणि फुले व्हेल्ड शॅमेलिऑन आवडीने कुरतडतो आणि ती त्याला बाधत नाहीत. मनीप्लँट आणि छत्रीसारख्या पानांचे शेफ्लेराही चालते. कण्हेर, रुई, डिफेनबॅकिया, पॉइन्सेटिया आणि चिकाच्या शेराची झाडे मात्र पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नकोत. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर औषध फवारलेले असते हे गृहीत धरून पाने दोनदा स्वच्छ धुवावीत, वरची माती बदलावी आणि झाड तीन-चार आठवडे बाहेर ठेवून मगच आत घ्यावे. फांद्या पेरूच्या किंवा बांबूच्या, वेगवेगळ्या जाडीच्या, काही आडव्या तर काही तिरप्या लावाव्यात. शॅमेलिऑनच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशी चिमट्यासारखी विभागलेली असतात, आणि त्याच्या मुठीत मावेल अशीच फांदी त्याला धरता येते.

पिंजरा जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावा. झाडावरच्या प्राण्याला वरून वाकून पाहणारा प्रत्येक जण शिकारी पक्षी वाटतो, म्हणून वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या वर असली तर पिल्लू लवकर रुळते. स्वयंपाकघराची फोडणी, देवघरातली उदबत्ती आणि विशेषतः डासांची कॉइल, द्रवाचे यंत्र किंवा झुरळांचा फवारा या खोलीत अजिबात वापरू नये. या औषधांत कीटक मारण्याची जी रसायने असतात ती सरपटणाऱ्या प्राण्यांनाही घातक ठरतात. डासांसाठी खिडकीला जाळी हाच उपाय ठेवावा.

ऊन, दिवा आणि उष्णता

शॅमेलिऑनला अन्नातले कॅल्शियम हाडांत पोचवण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते त्याच्या कातडीत अतिनील ब (यूव्हीबी) किरणांमुळे तयार होते. ही किरणे घरातल्या साध्या एलईडी दिव्यातून मिळत नाहीत, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातही ती उरत नाहीत. सहा टक्के यूव्हीबीची लांब टी५ ट्यूब पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवावी आणि सर्वांत वरची फांदी तिच्यापासून सुमारे वीस सेंटिमीटर खाली असावी. गुंडाळीच्या आकाराचे छोटे यूव्हीबी बल्ब स्वस्त मिळतात, पण त्यांचा प्रकाश फार थोड्या जागेवर पडतो, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवावेत. ट्यूब दिसायला चालू असली तरी तिची यूव्हीबी वर्षभरात घटते, त्यामुळे बसवल्याची तारीख तिच्या टोकाला लिहून ठेवावी आणि बारा महिन्यांनी ती बदलावी. दिवसाला बारा तास उजेड आणि बारा तास पूर्ण अंधार हवा. रात्री लाल किंवा निळा दिवाही लावू नये.

खरे ऊन मिळाले तर त्याहून उत्तम काही नाही. सकाळी साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान छोटा जाळीचा पिंजरा गच्चीवर किंवा अंगणात न्यावा. त्याची निम्मी बाजू ओल्या फडक्याने किंवा पानांनी झाकलेली असावी, म्हणजे पिल्लाला नको वाटले की सावलीत सरकता येते. वीस-पंचवीस मिनिटे पुरेशी आहेत. या वेळात तिथून हलू नये, कारण कावळा, शिकरा आणि शेजारचे मांजर यांना जाळीचा अडसर वाटत नाही.

पिल्लाला ऊन शेकण्यासाठी वरच्या फांदीवर २७ ते २९ अंश तापमान पुरते. मोठ्या प्राण्यांसाठी सांगितलेले ३० अंशांवरचे आकडे पिल्लाला लावू नयेत, कारण त्याचे शरीर इतके छोटे असते की ते काही मिनिटांत तापते. बाकी पिंजऱ्यात २२ ते २६ अंश आणि रात्री वीसच्या आसपास तापमान असावे. रात्री तापमान उतरणे ही त्याची गरजच आहे.

माझ्याकडचे पहिले पिल्लू आले तेव्हा मी शेकण्याचा दिवा टायमरवर लावून निर्धास्त होतो. एप्रिलच्या एका दुपारी बाहेरून आलो तर पश्चिमेची भिंत तापून खोली ३७ अंशांवर गेली होती, टायमरचे काम सुरूच होते, आणि पिल्लू पांढुरके पडून, तोंड उघडे टाकून, पिंजऱ्याच्या तळाशी बसले होते. दिवा बंद केला, पिंजरा मोरीतल्या गारव्यात नेला आणि कोमट पाण्याची अगदी बारीक फवार धरली, तेव्हा तासाभराने ते पुन्हा फांदीवर चढले. थंडगार पाणी एकदम मारू नये, हे मी त्याच वेळी वाचलेले होते म्हणून निभावले. तेव्हापासून फांदीच्या उंचीवर थर्मामीटर आहे, आणि दिवा टायमरऐवजी थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान पाहून आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणावर, आहे.

मार्च ते जून या काळात खोलीचे तापमान २८ अंशांवर गेले की शेकण्याचा दिवा लावूच नये, फक्त यूव्हीबी ट्यूब चालू ठेवावी. पिंजरा घरातल्या सर्वांत गार, तळमजल्यावरच्या, उत्तर किंवा पूर्वेकडच्या खोलीत हलवावा. खिडकीला ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावावा आणि पंख्याचा वारा भिंतीवर आदळून परत येईल असा ठेवावा, कारण थेट अंगावर येणाऱ्या वाऱ्याने पिल्लाच्या शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर हा पंखा चालला पाहिजे. दिवे तास-दोन तास बंद राहिले तर काही बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः साताऱ्याकडे, पहाटे खोली पंधरा अंशांखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावावा.

पाणी

वाटीत ठेवलेले साचलेले पाणी शॅमेलिऑन सहसा पीत नाही, कारण ते पाणी आहे हे त्याला ओळखू येत नाही. पानांवर हलणारे, चमकणारे थेंब तो चाटतो. सकाळी दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे मालवल्यावर हाताच्या पंपाने दोन-तीन मिनिटे बारीक फवारा मारावा. अर्ध्या मिनिटाच्या फवाऱ्याने उपयोग होत नाही, कारण पिल्लाला पाणी पिण्याचे सुचेपर्यंत फवारा थांबलेला असतो. त्याशिवाय दुपारी तासभर ठिबक ठेवावी. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा कोरा सेट एका स्वच्छ बाटलीला जोडून, चाकाने दोन सेकंदांना एक थेंब असा वेग धरून, तो थेंब जास्वंदीच्या पानावर पडेल असा टांगला की विकतच्या यंत्राइतकेच काम होते. खाली भांडे ठेवून पाणी रोज काढावे. बोअरचे पाणी जड असेल तर पंपाच्या छिद्रांत क्षार साचतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून शुद्धीकरण यंत्राचे किंवा उकळून गार केलेले पाणी घ्यावे. ड्रॉपरने किंवा पिचकारीने तोंडात पाणी घालण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा आजार होतो.

पाणी पुरते की नाही हे विष्ठेवरून कळते. तिच्याबरोबर पडणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढराशुभ्र असेल तर सगळे ठीक आहे, टोकाला किंचित पिवळसर असेल तर लक्ष द्यावे, आणि पूर्ण केशरी झाला असेल किंवा डोळे खोल गेले असतील तर शरीरात पाणी कमी पडले आहे.

दिवसा हवेत ३० ते ५० टक्के ओलावा आणि रात्री ७५ टक्क्यांच्या वर, असा चढउतार त्याला मानवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दिवसाही हवा ओलीच असते, तेव्हा दिवसाचा फवारा कमी करून ठिबकेवर भर द्यावा आणि दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने पूर्ण सुकतात की नाही हे पाहावे. उबदार, ओल्या आणि कोंदट हवेत छातीचा संसर्ग फार लवकर होतो.

आहार

पिल्लाला काय खाऊ घालावे यापेक्षा त्याच्या भक्ष्याला काय खाऊ घालावे हा प्रश्न अधिक मोठा आहे, आणि बहुतेक पाळणारे इथेच चुकतात. रातकिडा म्हणजे एक पिशवी आहे असे समजावे. पिशवी रिकामी असेल तर पिल्लाचे पोट भरते पण अंगी काही लागत नाही. त्यात रातकिड्याच्या शरीरात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस कितीतरी पट जास्त असते, म्हणजे नुसते रातकिडे खाणारे पिल्लू भरपूर खाऊनही हाडांनी कमजोर होत जाते.

म्हणून देण्याआधी निदान एक दिवस कीटकांना चांगला खुराक द्यावा. आपल्याकडे शेवग्याची पाने बारमाही मिळतात आणि त्यांत कॅल्शियम मुबलक असते, तेव्हा ती पहिल्या पसंतीची. सोबत गाजर, लाल भोपळा, तुतीची पाने आणि मेथी. पालक आणि राजगिरा टाळावा, कारण त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. कीटकांच्या डब्यात पाण्याची वाटी ठेवली तर ते तिच्यात बुडून मरतात, म्हणून ओले गाजर किंवा काकडीचा काप पुरे.

रातकिडे घरी वाढवणे सांगलीत सोपे आहे, कारण जी हवा शॅमेलिऑनला सोसत नाही ती रातकिड्यांना मानवते. उंच प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाला मोठे भोक पाडून त्यावर धातूची बारीक जाळी चिकटवावी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावावेत आणि अंडी घालण्यासाठी ओलसर कोकोपीटची वाटी ठेवावी. २८ ते ३० अंशांत साधारण दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्ले बाहेर पडतात. डबा कोरडा राहिला नाही तर उग्र वास सुटतो आणि एका रात्रीत सगळी वसाहत मरते, त्यामुळे मेलेले कीटक आणि शिळी भाजी रोज काढावी. दोन डबे ठेवावेत, म्हणजे एक बुडाला तरी पिल्लू उपाशी राहत नाही.

रातकिड्यांखेरीज रेशमाच्या अळ्या हे उत्तम खाद्य आहे. त्या मऊ असतात, त्यांत पाणी भरपूर असते, आणि सातारा-सांगलीकडे तुती लावून रेशीम घेणारे शेतकरी असल्याने ओळखीतून लहान अळ्या मिळू शकतात. काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांत मुळातच कॅल्शियम चांगले असते. पिठातले किडे, म्हणजे मीलवर्म, आठवड्यातून एखाद्या वेळी चवीपुरते चालतील, पण त्यांचे कवच कठीण असल्याने त्यांवर पिल्लू वाढवू नये. अगदी लहान पिल्लांना पिकलेल्या केळ्यावर येणारी चिलटे देतात; केळ्याची बाटली छोट्या भोकाच्या झाकणासह पिंजऱ्यातच ठेवली की चिलटे हळूहळू बाहेर येतात आणि पिल्लू नेम धरायला शिकते. त्याची जीभ स्वतःच्या धडाच्या दीडपटीहून अधिक लांब झेपावते, आणि ती अचूक मारण्याचा सराव याच वयात होतो.

रानातले नाकतोडे आणि टोळ पकडून घालावेत, असे पुष्कळांना वाटते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात तरी हे कधीही करू नये. द्राक्षबागेवर हंगामात किती वेळा फवारणी होते हे आपल्याला सांगायला नको, आणि बागेच्या कडेचा नाकतोडा जिवंत आहे म्हणजे तो औषधाविना आहे असे होत नाही. उसाच्या आणि भाजीच्या रानाबाबतही हेच. घरातली झुरळेसुद्धा देऊ नयेत, कारण त्यांनी कुठल्या घरचे विषारी औषध चाटले आहे हे कळत नाही. काजव्यांपासून विशेष सांभाळावे. काजव्यांच्या काही जातींत असे विष असते की एक काजवा खाल्ल्यानेही सरडे मेले आहेत.

कीटकाची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून दोनदा, पाव तासात जितके खाईल तितके द्यावे. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाला दिवसाकाठी दहा-बारा छोटे रातकिडे पुरतात. सहा महिन्यांनंतर संख्या पाच-सहावर आणावी, पुढे एक दिवसाआड द्यावे, आणि वर्ष उलटल्यावर एक दिवसाआड तीन ते पाच मोठे कीटक पुरेसे होतात. शेवटचे खाणे दिवे मालवण्याच्या तीन-चार तास आधी झाले पाहिजे, म्हणजे ते ऊब असतानाच पचते. कीटक खोल, अपारदर्शक पेल्यात ठेवून तो पेला फांदीला टांगला की किती खाल्ले ते मोजता येते. मोकळे सोडलेले आणि न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी आठवणीने काढावेत, कारण भुकेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात.

कॅल्शियमची भुकटी

फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी रोजच्या कीटकांवर लावावी. पिशवीत कीटक आणि चिमूटभर भुकटी घालून हलकेच हलवावे. पातळ थर बसला पाहिजे, कीटक पिठात लोळल्यासारखा दिसला तर पिल्लू त्याला तोंड लावत नाही. ड३ असलेली कॅल्शियमची भुकटी महिन्यातून दोनदा, आणि अ जीवनसत्त्व असलेली बहुजीवनसत्त्वाची भुकटी महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या दिवशी द्यावी. ही दोन्ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात, त्यामुळे जास्त दिल्याने गळ्याशी सूज येते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नयेत, कारण त्यांत बहुधा ड३ मिसळलेले असते. एका परिचितांनी मला पानाचा चुना चालेल का असे विचारले होते, म्हणून हेही स्पष्ट लिहितो: चुन्यातही कॅल्शियम असले तरी तो दाहक आहे, आणि पिल्लाचे तोंड व अन्ननलिका त्याने भाजून निघेल.

कॅल्शियम किंवा यूव्हीबी कमी पडले की आधी पकड ढिली होते. पिल्लू फांदीवरून घसरते, जीभ कीटकापर्यंत पोचत नाही, मग पुढच्या पायांना बाक येतो आणि जबडा मऊ पडतो. पहिल्या लक्षणालाच हालचाल केली तर पिल्लू सावरते, पण वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही.

हाताळणे आणि आजार ओळखणे

घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे पिल्लाला हात लावू नये. त्यानंतरही वरून पकडू नये. समोर हात फांदीसारखा धरावा आणि आपणहून चढले तर चढू द्यावे. हा प्राणी कुरवाळून घेणारा नाही, त्याचे सुख पाहण्यात आहे. तो भोवतालच्या रंगात मिसळण्यासाठी रंग बदलतो ही समजूत फारशी खरी नाही. त्याच्या कातडीतल्या पेशींत सूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, आणि त्यांतले अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो. हे २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले. पाळणाऱ्याच्या दृष्टीने रंग म्हणजे निरोप आहे. निवांत पिल्लू फिकट हिरवे असते. सकाळी गडद असेल तर ते ऊन शोषून घेत आहे. दिवसभर गडद राहिले तर त्याला थंडी वाजते आहे किंवा कशाची तरी भीती वाटते आहे. पांढुरके पडून तोंड उघडले तर उष्णता जास्त झाली आहे.

दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारी असतो, याला अपवाद नाही. श्वासाबरोबर टिकटिक आवाज येणे, तोंडाशी बुडबुडे, मान उंच ताणून बसणे ही छातीच्या संसर्गाची लक्षणे आहेत. कात मात्र दर तीन-चार आठवड्यांनी तुकड्यातुकड्यांनी पडते, आणि त्या दिवशी पिल्लू खात नाही म्हणून घाबरू नये. कात ओढून काढू नये. दर रविवारी खिशात मावणाऱ्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावे. विटा-आटपाडीकडच्या गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायामुळे ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारे काटे आपल्याकडे अनेक घरांत सापडतात. सलग दोन आठवडे वजन घटले तर वाट पाहू नये.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य जिल्ह्याच्या ठिकाणीही थोडेच असतात, म्हणून पिल्लू निरोगी असतानाच असा वैद्य शोधून ठेवावा. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे आधी दूरध्वनीवरून विचारणा करता येईल. आणल्यापासून महिनाभरात ताज्या विष्ठेची जंतांसाठी तपासणी करून घ्यावी. नेण्याआणण्यासाठी भोके पाडलेला, आत आडवी काठी बसवलेला छोटा डबा तयार ठेवावा. कृष्णाकाठी राहणाऱ्यांना २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतील. पावसाळ्यात हा डबा आणि दोन दिवसांचे खाद्य हाताशी असावे.

मादी असेल तर

पिल्लाच्या मागच्या पायाच्या टाचेवर छोटा उंचवटा असेल तर तो नर, नसेल तर मादी. ही ओळख जन्मापासून पटते आणि तिच्यावर पुढचे बरेच ठरते, कारण मादी नराशी संग न होताही पाच-सहा महिन्यांची झाल्यावर अंडी धरू शकते. तिला या वयात भरपूर खाऊ घातले आणि उष्णतेत ठेवले तर अंड्यांची संख्या वाढते आणि तिचे आयुष्य घटते, म्हणून सहाव्या महिन्यापासून तिचे खाणे नरापेक्षा लवकर कमी करावे आणि शेकण्याची जागा २७ अंशांच्या वर नेऊ नये. पाचव्या महिन्यातच पिंजऱ्यात एक बादली किंवा कुंडी ठेवावी. तिच्यात निदान तीस सेंटिमीटर खोल धुतलेली वाळू असावी, आणि ती इतकी ओलसर असावी की बोटाने पाडलेला बोगदा ढासळणार नाही. जागा मिळाली नाही तर मादी अंडी पोटात अडवून धरते आणि त्यात ती दगावू शकते. ती खाणे कमी करून तळाशी फेऱ्या मारू लागली, पोट गोट्या भरल्यासारखे दिसू लागले, की पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला चादर लावावी, फवारा आणि ठिबक सुरू ठेवावी, आणि ती खोदत असताना डोकावू नये, कारण समोर माणूस दिसला की ती अर्धा खोदलेला खड्डा सोडून देते.